पौषातली थंडी, ट्रंकेतली लुगडी आणि गोधडी : शिवावी की जपून ठेवावी?

उंबरठा
नमस्कार मंडळी. मी नाशिकला, इंदिरानगरात राहते. पौष लागला तशी थंडी अंगात शिरायला लागली, म्हणून पांघरुणं काढायला माळ्यावर चढले आणि हाताला लागली ती आजेसासूबाईंची ट्रंक. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आत त्यांची सुती नऊवारी लुगडी आहेत. एखाददुसरं इरकली, बाकी रोजच्या वापरातली: हिरवी, जांभळी, कुसुंबी. धुऊन धुऊन इतकी मऊ झालीत की हातात घेतली की खाली ठेववत नाहीत. काही पदराशी विरलीत, एकाला निऱ्यांच्या जागी आडवी चीर गेलीय. अगदी तळाला एक पैठणीही निघाली.

सासूबाई म्हणतात, "गोधड्या कर, पोरांच्या अंगावर जाऊ देत." वन्सं म्हणतात, "आजीचं लुगडं फाडायचं? माझ्याने बघवणार नाही." दोघींचंही पटतंय आणि ट्रंक आठवडाभर बाहेरच्या खोलीत उघडी पडून आहे.

माझा कल शिवण्याकडे आहे, तेही शक्यतो घरी, हाताने. तर विचारायचं असं, की लुगडी गोधडीत घालावीत का? एका लुगड्यात कितीशी गोधडी होते? आणि हे आत्ता, थंडीत सुरू करावं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

पंचवटीकर
शिवा. ट्रंकेत ठेवून कसर खाणार, त्यापेक्षा नातवंडांच्या अंगावर बरी.

सिन्नरची_सून
लुगडी घाला, पण पौषात बसू नका गं. आमच्याकडे गोधडीचा हंगाम चैत्र-वैशाख. सुगी आटपलेली असते, अंगणात कडक ऊन असतं, शिवलेली गोधडी पावसाच्या आत एकदा धुऊन वाळवून घेता येते. थंडीत शेतातल्या बाईला बूड टेकायला वेळ नसतो. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीतच असते. सकाळी दव पडलेल्या वाफ्यात वाकायचं, दिवसभर रोपं टोचायची आणि रात्री आल्यावर सुईत दोरा ओवायचा, हे कुणाच्याने होणार? माझ्या सासूबाई तर म्हणतात की थंडीत गोधडी पांघरावी आणि उन्हात शिवावी.

टाकेवाली
सिन्नरताई, शेतकऱ्याच्या घरचं तुमचं बरोबर आहे. पण उंबरठा फ्लॅटमध्ये राहते, तिला कांदे लावायचे नाहीत. वैशाखात गच्चीवर बसून शिवून दाखवा बरं! नाशिकचं जानेवारीतलं दहा ते चारचं ऊन गोधडी शिवायला अगदी नेमकं असतं. मी दरवर्षी याच महिन्यात काढते. नाशिकरोडला असते, शिवणकाम माझ्या घरातच आहे.

आता हिशेब. लुगडं नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. रुंदी साधारण चार फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फूट लांब. म्हणजे एका लुगड्यात चार फूट रुंद, पावणेसात फूट लांब असे चार पदर, म्हणजे थर, होतात. एका माणसाला तेवढं पुरतं. पाच फूट रुंदी हवी असेल तर बाजूला दुसऱ्याची पट्टी जोडावी लागेल. चार पदरांची गोधडी हलकी, नाशिकच्या साध्या थंडीला चालते. सहा पदर झाले की खरी ऊब. त्याच्या वर जाऊ नका, सुई आरपार निघत नाही आणि धुताना दोन माणसं लागतात.

वरचा आणि खालचा पदर त्यातल्या त्यात धड कापडाचा घ्यायचा. विरलेलं, चिरलेलं सगळं मध्ये. तुमचं ते निऱ्यांपाशी फाटलेलं लुगडं मधल्या थराला सोनं आहे, ठिगळ लावत बसू नका. चीर नुसती शेजारी-शेजारी आणून मांडायची, वरचे टाके तिला धरतात.

पसरायचं जमिनीवर, चटईवर नाही, चटईत सुई अडकते. चार कोपऱ्यांवर वजन: वरवंटा, डबे, काहीही. एकेक पदर हाताने मधून कडेकडे निपटत न्यायचा. सळ राहिला तर तो जन्मभर पाठीला टोचतो. मग मोठाले कच्चे टाके घालून सगळे पदर एकत्र धरून घ्यायचे. ही पायरी गाळायची नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गोधड्यांमध्ये निम्म्या अशा असतात, की आतला पदर एका बाजूला गोळा झालेला असतो, कारण कच्चे टाके घातलेलेच नसतात.

मग कड दुमडून धावदोरा. मी कडेने सुरू करते आणि चौकोनात चौकोन करत आत येते. काही जणी सरळ उभ्या ओळी मारतात. दोन्ही चालतं. दोन ओळींमध्ये बोटभर अंतर ठेवा. टाके लांब पडले तर पायाच्या अंगठ्यात अडकतात आणि तुटतात.

उंबरठा
बाई गं, केवढं नीट सांगितलंत. वाचता वाचता वहीत उतरवून घेतलं. दोरा कुठला घ्यायचा?

टाकेवाली
सुती, जाड, दुहेरी करून. मेणावरून एकदा ओढून घ्या, गाठी पडत नाहीत. नायलॉनचा दोरा अजिबात नको, जुनं सूत तो कापत जातो. आणि बोटात अंगुस्तान घाला. सहा पदर म्हणजे पहिल्याच संध्याकाळी बोटाला भोकं पडतील.

दारणा
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. आमच्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात पांघरत नाहीत. दहाव्या-तेराव्याला देऊन टाकायचे, अशी रीत. आजीचं लुगडं अंगावर घेऊन झोपणं माझ्या आईला मुळीच चाललं नसतं. वन्संचं मन का धजत नाही ते मला समजतं. घरातल्या एकाही माणसाच्या मनात खोट राहत असेल तर शिवू नये. पांघरूण आहे, त्यात झोप लागली पाहिजे.

पंचवटीकर
दारणा, रीत घरोघरी निराळी असते हो. आमच्या घरी आजी गेल्यावर तिच्याच लुगड्याचं दुपटं माझ्या मुलीच्या बारशाला आलं. चुलतीने स्वतः शिवलं होतं. तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं, खळीचं कापड टोचतं, जुनं धुवट सुतीच लागतं. आणि ते सुती कुणाचं असणार? घरातल्या म्हाताऱ्या माणसाचंच ना.

दारणा
ते बारशाचं पटलं. तरी वन्संना विचारूनच करा, एवढंच म्हणणं.

निफाडचा_बागवान
ताई, थंडी म्हणाल तर आमच्या निफाडला या. पेपरात दरवर्षी फोटो येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याचा, पाच अंशांच्या खाली गेला की गावभर चर्चा. लोकांना मजा वाटते, आमचा जीव टांगणीला. द्राक्षाच्या मण्यात पाणी भरायला लागलेलं असतं आणि पहाटे पारा घसरला की मणी तडकतो. वाढ थांबते ती वेगळीच. म्हणून पहाटे तीन-चारला उठून बागेत जागोजागी शेकोट्या करायच्या, धूर धरून ठेवायचा, ड्रिपने पाणी सोडायचं. पाण्याने मुळाशी थोडी ऊब राहते.

गोधडीचं सांगायचं तर शेतात रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात मोटर चालू करायला मळ्यातच मुक्काम असतो. तिथे आम्ही ब्लँकेट नेत नाही. ब्लँकेटवर दव पडलं की ते गार पडतं, ठिणगी उडाली तर वितळून अंगाला चिकटतं. सुती गोधडीवर ठिणगी पडली तर भोक पडेल, हाताने चोळून विझवता येते. माझ्या आईने शिवलेली गोधडी आहे, धोतरं आणि लुगडी मिळून. वजनदार आहे. पण खाली एक, वर एक घेतली की पहाटेपर्यंत जाग येत नाही, मोटर बंद करायलासुद्धा उठवत नाही :)

शिवाच. आणि जाड शिवा.

जुनंनाशिक
शेकोटी म्हटल्यावर आमचा वाडा आठवला. भद्रकालीच्या मागच्या गल्लीत होता. थंडीत पहाटे चौकात तांब्याचा बंब पेटायचा. लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या शेंड्या, वर्षभर साठवलेली करवंटी, जे हाताला येईल ते त्यात जायचं. अंघोळीचा क्रम वयाप्रमाणे. आम्ही पोरं गोधडी अंगाभोवती गुंडाळूनच बंबाशी येऊन बसायचो. तोपर्यंत कुणाच्या अंगावरून ती काढायची आजोबांचीही छाती नव्हती.

धुणं हा मात्र सोहळा होता. संक्रांतीनंतर ऊन तापायला लागलं की सगळ्या वाड्यातल्या गोधड्या गंगेवर. (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) ओली गोधडी एकट्याने उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, उलट-सुलट पीळ घालायचा, पाणी धो-धो गळायचं. मग घाटाच्या तापलेल्या पायऱ्यांवर पसरायची आणि वर आम्हाला राखणीला बसवायचं. बुधवारचा बाजार त्याच घाटावर भरत असल्याने बुधवार टाळूनच सगळं.

आता हे नदीवर करू नये, नदीचे हाल आपण बघतोच आहोत. घरच्या मशिनमध्येही सहा पदरांची गोधडी घालू नका. पाणी प्यायली की ड्रम फिरत नाही. टबात रिठ्याच्या पाण्यात भिजवा, पायाने तुडवा आणि कठड्यावर निथळत ठेवा. खालच्या मजल्याला आधी सांगा.

सिन्नरची_सून
खालच्या मजल्याला सांगा, हे लाख बोललात.

मोसमपूल
मालेगावहून. रोजच्या वापरातली रंगीत सुती लुगडी म्हणताय, तर त्यातली काही आमच्या गावची असण्याची दाट शक्यता आहे. 1857 च्या नंतर उत्तरेतून मोमीन विणकर मालेगावात येऊन स्थायिक झाले. त्यांच्या हातमागांवर आणि पुढे यंत्रमागांवर नऊवारी रंगीत लुगडी निघायची आणि सगळ्या खानदेश-नाशिक-नगर पट्ट्यातल्या बायका तीच नेसायच्या. माझ्या घरात मागाचा आवाज बंद पडला तो सणालाच. नऊवारी नेसणाऱ्या कमी झाल्या तसं ते विणणंही गेलं. आज यंत्रमागांवर बरंच काही निघतं, पण ते लुगडं क्वचितच दिसतं.

म्हणून माझी एक विनंती. सगळीच फाडू नका. ज्याचे काठ-पदर शाबूत आहेत असं एक तरी अख्खं ठेवा, नऊ वारच्या नऊ वार. काठाला काय नक्षी आहे, ताण्याला किती धागे भरलेत, हे अख्ख्या कापडावरच नीट कळतं. आमच्या घराण्यात चार पिढ्या माग चालला आणि घरात दाखवायला एक लुगडं उरलेलं नाही. जे होतं त्याच्या गोधड्या झाल्या, गोधड्या वापरून संपल्या. त्या संपल्याचं वाईट वाटत नाही, त्यासाठीच त्या होत्या. एक बाजूला ठेवलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.

उंबरठा
मोसमपूल, तुमची पोस्ट सासूबाईंना वाचून दाखवली. त्या उठून ट्रंकेपाशी गेल्या आणि एक जांभळं लुगडं वेगळं काढलं. म्हणाल्या, "हे मालेगावचंच. बाजाराच्या दिवशी मामंजींनी आणलेलं." वन्संना लगेच फोन लावलाय.

येवलेकर
पैठणीचा उल्लेख वाचून धाव घेतली. कुणी गोधडीत घाला म्हणायच्या आत सांगतो: नको. एक तर ती रेशीम आहे, सुताबरोबर एकत्र शिवली तर धुताना दोन्ही वेगवेगळी आकसतात आणि गोधडी चुरगळून बसते. दुसरं, जरीची तार टोचते आणि शेजारचं मऊ सूत कापते.

ती तळाला किती काळ त्याच घडीवर आहे ते आधी बघा. रेशीम घडीच्या रेषेवरच तुटतं. अलगद उघडा, सावलीत वाऱ्यावर ठेवा, उन्हात नाही. मग धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून ठेवा आणि दर दोन-चार महिन्यांनी घडी बदला. डांबरगोळी थेट जरीला लागू देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. फाटलेली असेल तर काठ-पदर सोडवून नव्या रेशमावर चढवून देणारे कारागीर येवल्यात आहेत. फक्त आत्ता येऊ नका! भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस अख्खं येवला गच्चीवर असतं. आसारी (मांज्याची फिरकी) हातात, हलकडी (हलगीसारखं वाद्य) वाजतेय, भाजी-भाकरीसुद्धा वरच. त्या तीन दिवसांत कुणी माग हलवणार नाही.

पंचवटीकर
पतंग उडवा, पण नायलॉनचा मांजा नको रे बाबांनो. 2017 मध्ये हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी नाशिकला दरवर्षी कुणाचा ना कुणाचा गळा कापल्याची बातमी येते. पक्ष्यांची तर गणतीच नाही. दुचाकीवर जाताना गळ्याला जाड मफलर गुंडाळा.

येवलेकर
शंभर टक्के. आमच्याकडची खरी मजा सुती मांज्याचीच. घोटायला वेळ लागतो, त्यातच निम्मा सण आहे.

कृष्णाकाठची
सांगलीची आहे, आमच्याकडे वाकळ म्हणतात. टाकेवाली, तुमचं चौकोनात चौकोन अगदी आमच्यासारखंच. फक्त आमच्याकडे मधला भाग भरताना शेजारणी चार बाजूंनी बसतात आणि चौघी एकदम आत येतात. उंबरठा, तुम्हाला एकटीला कंटाळा येईल. दोन मैत्रिणी धरा. गप्पांशिवाय वाकळ पुरी होत नाही.

घाटमाथा
उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूरच्या बाजूला नोकरीनिमित्त राहिलो आहे. तिथे सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात, तीही कडेकडून आत अशीच. या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, बोलीत कोकणी-मराठीची भर आहे. चारी कोपऱ्यांना त्या रंगीत घडीचे त्रिकोण लावतात, त्याला 'फूल' म्हणतात. फूल लावलं नाही तर कवंदी उघडी राहिली असं मानतात. मला ते फार आवडलं. तुमच्या पोरांच्या गोधडीला इरकलीच्या टोपपदराचे त्रिकोण कोपऱ्याला लावून बघा. पदर वायाही जाणार नाही आणि वन्संना आजीचं लुगडं ओळखूही येईल.

टाकेवाली
घाटमाथा, काय सुंदर सुचवलंत! त्रिकोण कड दुमडतानाच आत धरायचे, नंतर वरून लावले तर उसवतात.

पेठरस्ता
सगळे शिवणावर बोलताहेत, मी जरा बाहेर नेतो. या महिन्यात घरात बसून सुई काय चालवता? रविवार मोकळा ठेवा. चांदवड-येवला-सिन्नर पट्ट्यात ज्वारी हुरड्यात आलीय. नातेवाईक कुणी असेल तर हक्काने जा, पैसे भरून जायच्या हुरडा पार्ट्या वेगळ्या आणि कुणाच्या बांधावर आगटी करून गोवऱ्यांत कणसं भाजणं वेगळं. तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि गरम दाणा तोंडात, सोबत लसणाची चटणी.

नाहीतर नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं पाणी. 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, तरी कित्येक नाशिककरांनी पाहिलेलं नाही. निफाडवरून पुढे जायचं, चापडगावला मनोरे आहेत. सूर्य वर यायच्या आत पोहोचा. बदकांचे थवे पाण्यावरून उठतात तेव्हा पंखांचा आवाज मनोऱ्यावर ऐकू येतो. दुर्बीण आणा आणि कानटोपी आणा. मागच्या खेपेला आमच्या मुलीने गाडीतून गोधडीच मनोऱ्यावर नेली, शेजारच्या अनोळखी आजोबांनीही एक टोक घेतलं.

सुरगाण्याकडे गेलात तर रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीची खोकी दिसतील. थेट शेतकऱ्याकडून घ्या, घासाघीस करू नका. पहाटेच्या दवात खुडलेली असते.

निफाडचा_बागवान
नांदूरमध्यमेश्वरला येणार असाल तर आधी सांगा, वाटेत मळ्यात चहा घेऊन जा. बागेत मात्र विचारल्याशिवाय मणी तोडू नका, फवारणीचे दिवस आहेत.

सिन्नरची_सून
आणि आमच्याकडे आलात तर शेंगोळे! हुलग्याचं पीठ, त्यात लसूण, हिरवी मिरची, जिरं, मीठ. घट्ट मळायचं, हातावर तेल लावून वळ्या वळायच्या आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायच्या. पीठ जरा रश्श्यात कालवलं की दाट होतो. थंडीत दुसरं काही नको.

पंचवटीकर
रात्री साडेअकराला हे लिहू नये हो कुणी. घरात हुलगे नाहीत.

जुनंनाशिक
फिरण्याचा विषय निघालाच आहे तर, पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा. आठवडाभर आधीपासून नाशिकमधून दिंड्या जातात. नगर, संभाजीनगर, कुठून कुठून चालत आलेली माणसं. रात्रीचा मुक्काम शाळेत, मंगल कार्यालयात, नाहीतर उघड्यावर. त्र्यंबकची थंडी म्हणजे ब्रह्मगिरीवरून खाली उतरणारा वारा. मागे येणाऱ्या ट्रकमध्ये वारकऱ्यांच्या वळकट्या असतात, प्रत्येकीची गोधडी वेगळी, आणि रात्री अंधारात हात लावून आपली ओळखतात. एकदा मी विचारलं, कसं कळतं? मावशी म्हणाल्या, "माझा टाका मला कळत नाही व्हय?"

उंबरठा, तुमच्या घरी ट्रंकेतली सगळी लुगडी कामी लावून उरली, किंवा घरातली जुनी धड पांघरुणं असतील, तर त्या दिवसांत दिंडीच्या मुक्कामावर नेऊन द्या. उपयोगाची वस्तू द्या, फाटकी नको.

दारणा
हे मला सगळ्यात पटलं. आमची रीतही पाळली जाते आणि कापडही सत्कारणी लागतं.

गंगापूररोड
इतकं सगळं चाललंय तर एक शंका. हल्लीच्या सिंथेटिक साड्यांची गोधडी का होत नाही? माझ्याकडे कपाट भरून आहेत, नेसल्या जात नाहीत.

टाकेवाली
होते, पण झोप लागत नाही. घाम शोषत नाही, रात्रभर घसरत राहते, टाका धरत नाही. सुती थरांमध्ये हवा अडकते तीच ऊब देते आणि अंगाचा दमटपणा कापड पिऊन घेतं. फार तर वरचा एक पदर सिंथेटिक घ्या, शोभेला. अंगाकडचा सुतीच हवा. बाकीच्या साड्यांचे पडदे, उशांचे अभ्रे करा.

आणि मशिनवर शिवलेली, आत स्पंज घातलेली विकत मिळते, ती घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. सगळ्यांकडे वेळ नसतो. पण हातशिलाईचे पैसे देताना घासाघीस करू नका. दारावर येणाऱ्या बायका असतात, दिवस-दिवस मान मोडून शिवतात. मजुरी, दोरा कुणाचा, पदर किती, हे आधी ठरवा आणि दुपारचं जेवण द्या.

उंबरठा
मंडळी, काल वन्सं नाशिकला आल्या. धागा त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पैठणी त्या घेऊन जाणार आहेत, घडी बदलायची जबाबदारी त्यांची. जांभळं मालेगावी अख्खंच ठेवायचं ठरलं, ते सासूबाईंच्या कपाटात. उरलेल्यांच्या दोन गोधड्या: एक सहा पदरी, एक चार पदरी. इरकलीच्या टोपपदराचे त्रिकोण दोन्हींच्या कोपऱ्यांना. कोपरे वन्सं स्वतः शिवणार, असं त्यांनीच सांगितलं. घरातली दोन धड पांघरुणं एकादशीच्या आधी दिंडीला नेऊन देऊ, ती मी आजच उन्हात टाकलीत.

लुगडी रिठ्याच्या पाण्यातून काढून गच्चीत वाळत घातलीत. शिवायला संक्रांत झाली की बसायचं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालेल, तर यंदा मी हळदीकुंकवालाच गोधडी पसरणार आहे. येणारीने तिळगूळ घ्यायचा, वाण घ्यायचं आणि एक ओळ टाके घालून जायचं. वाण म्हणून सुई आणि सुती दोऱ्याचं रीळ देतेय. टाकेवाली, कृष्णाकाठची, तुमचं चौघींनी चार बाजूंनी बसायचं मनात धरलंय. नाशिकमधल्या ज्यांना यायचं त्यांनी इथे सांगा, पत्ता निरोपातून कळवते.

टाकेवाली
मी येणार. पण कच्चे टाके आधी माझ्यासमोर घालायचे, मग हळदीकुंकू. दहा जणींचे दहा हात लागणार, पदर हलायला नकोत.

सिन्नरची_सून
पौषात बसू नका म्हणाले होते, आता मीच येतेय. शेंगोळे घेऊन.

पंचवटीकर
पुरुषांना प्रवेश आहे का? मला धावदोरा येतो. शाळेत शिवण होतं आम्हाला.

उंबरठा
दादा, जरूर या. दोरे ओवायला माणूस हवाच आहे, सासूबाईंना आणि मला दोघींनाही चष्मा आहे.

निफाडचा_बागवान
ताई, सहा पदरीची लांबी पावणेसात फूट होणार ना? पोरं वाढती आहेत. पायथ्याला हातभर पट्टी जास्तीची जोडून घ्या, आमच्या आईने जोडली होती. अजून पाय बाहेर येत नाहीत.